‘जवळचा’ सर्व्हर नेमका कुणाला जवळ?

लातूरला माझे एक डॉक्टर स्नेही आहेत. त्यांचे रुग्णालय आणि ते ज्या केंद्रातून सिटी स्कॅन करून घेतात ते केंद्र, यांत फार तर दोन किलोमीटरचे अंतर. स्कॅन झाला की त्याची काहीशे एमबींची फाईल केंद्रातल्या संगणकावरून रुग्णालयातल्या संगणकावर येते. गेल्या मे महिन्यात एका दुपारी ती येईना. केंद्रातले नेट व्यवस्थित सुरू होते. रुग्णालयातल्या राउटरचे दिवेही हिरवे होते, पण पुढे काही सरकत नव्हते. शेवटी कंपाउंडर स्कूटरवरून गेला आणि पेनड्राइव्हमध्ये फाईल घेऊन आला. संध्याकाळी कळले, की सोलापूरच्याही पलीकडे रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती.

सोलापूरपलीकडची केबल तुटली म्हणून लातुरातल्या लातुरात फाईल का अडावी? हा प्रश्न डॉक्टरांनी मला विचारला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांच्याच संगणकावर बसून मी ‘ट्रेसराउट’ ही आज्ञा दिली. माहितीची पुडकी कोणकोणत्या थांब्यांवरून जातात त्याची यादी ती दाखवते. यादीत मुंबई होती. केंद्राची इंटरनेट कंपनी वेगळी, रुग्णालयाची वेगळी, आणि या दोघींची जाळी एकमेकांना लातुरात कुठेच भेटत नाहीत. त्या मुंबईत भेटतात. त्यामुळे फाईल आधी मुंबईला जाते, तिथे गाडी बदलते आणि परत लातूरला येते. शेजारच्या गावाला जायला आधी जिल्ह्याच्या स्टँडवर जाऊन एसटी बदलावी लागते, तसलाच प्रकार. फक्त इथे स्टँड पाचशे किलोमीटरवर आहे.

गंमत पुढेच आहे. त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या मुलीने फोनवर एक अमेरिकी चित्रपट लावला आणि तो क्षणात सुरू झाला. तोही मुंबईकडूनच आला. साडेबारा हजार किलोमीटरवरचा चित्रपट पाचशे किलोमीटरवर येऊन बसला होता आणि दोन किलोमीटरवरचा स्कॅन हजार किलोमीटर फिरत होता. इंटरनेटवर ‘जवळ’ आणि ‘लांब’ हे शब्द नकाशा पाहून वापरायचे नसतात. ते कसे ठरते, हे यंत्रणा चालवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. मासिक बिल भरणाऱ्याला मात्र कुणी सांगत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

आधी चित्रपट जवळ कसा आला ते पाहू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत यायचे तर अगदी सरळ रेषेतसुद्धा २५ हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. केबल सरळ रेषेत नसतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून बराच जास्त लागतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण एक पान उघडायचे तर आधी पत्ता विचारा, मग ओळख पटवा, मग कुलूपकिल्लीची बोलणी करा, मग पान मागा, त्यातली चित्रे मागा, अशा अनेक फेऱ्या होतात. फेऱ्यांची बेरीज होते आणि आपण ‘नेट स्लो आहे’ म्हणतो. प्रकाशाचा वेग काही वाढवता येत नाही. मग राहतो एकच उपाय: वस्तूची प्रत ग्राहकाजवळ आणून ठेवणे.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली १९९५च्या सुमारास एमआयटीत होता आणि गर्दीने वेब तुंबणार हे त्याला दिसत होते. तिथलेच गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी हा प्रश्न हाती घेतला. हजारो सर्व्हरांपैकी कोणती प्रत कुठे ठेवायची, आणि एखादा सर्व्हर बंद पडला तर सगळी मांडणी न विस्कटता काम कसे चालू ठेवायचे, याची एक सुरेख रीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. रेशनच्या एका दुकानाला टाळे लागले, तर फक्त त्या दुकानाची शिधापत्रिका शेजारच्या दुकानांत वाटायची. साऱ्या शहराची यादी नव्याने लिहायची नाही, एवढेच तिचे सार. १९९८ मध्ये त्यातून अकामाई ही कंपनी उभी राहिली. लेविन ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात होता. वय अवघे ३१. त्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर लोक अक्षरशः कोसळले होते.

या व्यवसायाला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, थोडक्यात सीडीएन म्हणतात. आज आपण पाहतो त्या वेबचा मोठा भाग अशा कुठल्या तरी सीडीएनमधून येतो. नेटफ्लिक्सने तर स्वतःची पेटारे तयार केली. इंटरनेट कंपन्यांच्या इमारतीत ती ठेवायची, गर्दी नसलेल्या वेळी नवे चित्रपट त्यांत भरून घ्यायचे आणि संध्याकाळी प्रेक्षकांना तिथूनच द्यायचे. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी लोक होते. इतक्या लोकांना वेगवेगळे चित्र पाठवणे अशक्यच. सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकडा एकदा जवळच्या साठ्यात येतो आणि तिथून लाखोंना दिला जातो. (या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात, त्याचा रोकडीशी संबंध नाही. पैशांचा संबंध पुढे येतोच.)

आता खरा प्रश्न. मुंबई, चेन्नई, दिल्ली, सिंगापूर अशा अनेक ठिकाणी प्रती आहेत. तुम्हाला कोणती द्यायची, हे कोण ठरवते?

एक पद्धत डीएनएसची. संकेतस्थळाचे नाव टाईप केले की त्याचा अंकी पत्ता डीएनएसकडून मिळतो. सीडीएन इथे खुबी करते: विचारणारा कुठला आहे ते पाहून वेगवेगळ्यांना वेगवेगळा पत्ता सांगते. पण विचारणारे तुम्ही नसताच. तुमच्या वतीने तुमच्या कंपनीचा किंवा गूगलसारख्या कुणाचा ‘रेझॉल्व्हर’ विचारतो. तो जर चेन्नईत किंवा सिंगापुरात बसला असेल, तर सीडीएनला वाटते की तुम्हीही तिथलेच. मग औशाच्या माणसाला सिंगापूरची प्रत मिळते. यावर तोडगा म्हणून रेझॉल्व्हरने विचारताना मूळ ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग सोबत द्यावा, अशी रीत २०१६ मध्ये लिहून ठेवली गेली. गूगलचा रेझॉल्व्हर ती पाळतो. क्लाउडफ्लेअरचा पाळत नाही, कारण त्यात ग्राहकाचा ठावठिकाणा उघड होतो. दोघांचेही म्हणणे बिनचूक आहे. वेग हवा की खासगीपणा, ही निवड मात्र तुमच्या नावावर दुसराच कुणी करून टाकतो.

दुसरी पद्धत एनीकास्टची. यात पन्नास शहरांतले सर्व्हर एकच पत्ता सांगतात, ‘मीच तो’ म्हणून. पुडके कोणाकडे जाईल हे जगभरच्या राउटरांवर सोडलेले असते. राउटर आपसात ज्या भाषेत बोलतात तिचे नाव बीजीपी. या भाषेत किलोमीटर हा शब्दच नाही. वाटेत किती कंपन्यांची जाळी लागतात एवढे ती मोजते, आणि तेही नंतर. त्याआधी पाहिला जातो पैसा. जो आपल्याला पैसे देतो त्याच्याकडून जाणारी वाट पहिली पसंत. ज्याच्याशी फुकट देवघेव आहे ती दुसरी. आणि ज्याला आपण पैसे मोजतो ती शेवटची. म्हणून सर्व्हर मुंबईत असूनही मुंबईतलेच एखादे पुडके सिंगापूरला जाऊन येते. त्याला बिघाड म्हणता येणार नाही. कुठल्या तरी दोन कंपन्यांचा मुंबईत देवघेवीचा करार झालेला नसतो, एवढेच.

हे आपल्याला नवे नाही. २००३ पूर्वी एका भारतीय इंटरनेट कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाला ईमेल पाठवला, तर तो पुष्कळदा परदेशात जाऊन परत येई आणि त्या प्रवासाचे भाडे आपण डॉलरमध्ये भरत असू. त्या वर्षी निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही ना-नफा संस्था स्थापन झाली. एका खोलीत मोठा स्विच ठेवायचा, सगळ्या कंपन्यांनी आपली तार तिथे आणायची आणि देशातली देवघेव देशातच करायची, अशी ती व्यवस्था. मुंबई, दिल्लीलगतचे नोएडा, चेन्नई आणि कोलकाता यांचा प्रश्न तिने बराचसा सोडवला. पण पूर्वी भारत आणि अमेरिका यांत जे नाते होते, तेच आज लातूर आणि मुंबई यांत आहे. निक्सीने पुढे लहान शहरांतही केंद्रे काढली. मात्र खोली बांधली म्हणून कंपन्या तिथे येतातच असे नाही. स्टँड बांधला, पण गाड्या महामार्गावरूनच जातात, असले चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

इथे जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. लहान शहरात आपसातली देवघेव असते किती? लोकांना हवे ते व्हिडिओ, ते तर मुंबईतच आहेत. मग मुंबईला जाणारच. शिवाय लातूर-मुंबई-लातूर या हजार किलोमीटरला प्रकाशाला पाच मिलिसेकंद लागतात. त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? आकडा खरा आहे, आणि निव्वळ वेगासाठी कुणी हा खटाटोप करावा असे मीही म्हणणार नाही. पण डॉक्टरांची फाईल पाच मिलिसेकंदांनी उशिरा आली नव्हती, ती आलीच नव्हती. आपसातल्या दोन घरांचे बोलणे तिसऱ्या गावच्या जेसीबीवर अवलंबून राहणे, हा प्रश्न वेगाचा नाही. आणि देवघेव कमी का, तर भेटायला जागा नाही म्हणूनही. सीडीएनवाले आपली पेटारे तिथेच ठेवतात जिथे चार कंपन्या एकत्र येतात. आधी कोंबडी की आधी अंडे, यात पहिली चाल सरकारने करावी लागते. आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या तुलनेत हा खर्च म्हणजे एक वातानुकूलित खोली, दोन स्विच, जनरेटर आणि चार समंजस माणसे.

आरोग्याच्या बाबतीत हे अधिक टोचते. सीडीएन जुनी वस्तू जवळ आणून ठेवू शकते. सध्या घडत असलेले संभाषण ती साठवणार कशी? ई-संजीवनीवर उपकेंद्रातून जिल्ह्याच्या डॉक्टरशी बोलणारी बाई, तिचा ईसीजी, आत्ताच काढलेला एक्स-रे यांची प्रत आधीपासून कुठेच नसते. तिथे वाटच काय ती महत्त्वाची. म्हणजे करमणुकीसाठी कंपन्यांनी स्वतःहून, स्वतःच्या पैशाने जाळे सुधारले, कारण त्यात त्यांची बचत होती. उपचारांसाठी ज्या प्रकारचे जाळे लागते, त्यात कुणाचीच बचत नाही. बाजाराने आपले काम चोख केले आहे. त्याच्याकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

उलट, जे साठवून ठेवणे अगदी सोपे, तिथेही आपण कमी पडतो. दहावीचा निकाल घ्या. दरवर्षी १५ लाखांहून अधिक विद्यार्थी. दुपारी एकचा मुहूर्त. सगळे एकाच मिनिटाला दार ठोठावतात आणि पान फिरत राहते. खरे म्हणजे निकाल हा साठवणुकीचा आदर्श नमुना आहे. एका क्रमांकाला एकच उत्तर, आणि ते दुपारभरात बदलत नाही. क्रमांक आणि आईचे नाव जुळवून पाहण्यापुरते थोडे काम ठेवले, तर बाकी सगळे आदल्या रात्री देशभरच्या साठ्यांत कुलूपबंद नेऊन ठेवता येईल आणि एक वाजता फक्त कुलूप काढायचे. सामना पाहणाऱ्या ५.९ कोटींना जे जमले, ते १५ लाख मुलांसाठी अवघड नसावे.

मग सगळे सीडीएनवर टाकावे का? इथे मी थबकतो. ८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीच्या एका ग्राहकाने आपल्या सेटिंगमध्ये बदल केला. बदल पूर्णपणे नियमात होता. पण कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आठवडे आधीपासून दडलेला दोष त्याने जागा केला आणि तिच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग त्रुटी दाखवू लागला. ब्रिटन सरकारचे संकेतस्थळ, न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन सारेच अंधारात. ४९ मिनिटांत बहुतेक पूर्ववत झाले, हे कौतुकाचे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी पाळी क्लाउडफ्लेअरची. बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाईल अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठी झाली, ती वाचणारे सॉफ्टवेअर कोसळले, आणि एक्स, चॅटजीपीटी यांच्यासह असंख्य ठिकाणे भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद पडली. सुरुवातीला कंपनीच्याच अभियंत्यांना हा हल्ला वाटला. तीन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबरला, पुन्हा सुमारे २५ मिनिटे. तेव्हा आपल्याकडे दुपार होती, शेअर बाजार चालू होता, आणि दलालांची ॲप उघडत नव्हती.

सगळ्या प्रती वेगवेगळ्या शहरांत असूनही असे होते, कारण शहरे वेगळी असली तरी सॉफ्टवेअर एकच. गावोगाव शाखा, पण तिजोरीची किल्ली एकाच नमुन्याची. क्लाउडफ्लेअर जगातल्या साधारण एक पंचमांश संकेतस्थळांच्या दारात उभी असते. इतकी गर्दी एका दारात झाल्यावर ते दार खासगी राहत नाही, असे माझे मत आहे. ट्रायने नोव्हेंबर २०२२ मध्ये डेटा सेंटर, सीडीएन आणि एक्स्चेंज यांच्याबद्दल शिफारशी केल्या, त्यात सीडीएन कंपन्यांची साधी नोंदणी सुचवली होती. नोंदणी हवीच. पण किमान सरकारी सेवांनी तरी दोन स्वतंत्र सीडीएन वापराव्यात आणि एक बंद पडली तर दुसरीकडे वळण्याचा सराव वर्षातून दोनदा करावा. रुग्णालयात जनरेटर नुसता विकत घेऊन भागत नाही, तो अधूनमधून सुरू करून पाहावा लागतो.

काहींना वाटते, याचे उत्तर स्वदेशी: सगळे सर्व्हर भारतात आणा, परदेशी वाटा कमी करा. प्रती भारतात हव्यातच. ट्रायच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये देशात येणाऱ्या १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबल १४ स्थानकांवर उतरत होत्या आणि त्यांचा मोठा हिस्सा मुंबईच्या किनाऱ्यावर, वर्सोव्याच्या वाळूखालून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारत, पाकिस्तानात नेट रेंगाळले. ज्यांची प्रत इथेच होती त्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही. पण सारे काही मुंबईतच एकवटले, तर आपण फक्त जेद्दाहचा धोका मुंबईला आणू. स्वदेशीचा आग्रह वर्सोव्यापर्यंत येऊन थांबत असेल, तर तो अर्धवटच आहे.

आणखी एक गोष्ट तातडीने हवी: मोजमाप. आपण स्पीड टेस्ट करतो आणि शंभर एमबीपीएस पाहून खूश होतो. ती चाचणी बहुधा तुमच्याच कंपनीच्या किंवा तिच्या शेजारच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येते. घराच्या अंगणात धावून मॅरेथॉनचा वेळ सांगण्यासारखे ते आहे. जिल्हावार मोजायचे तर हे मोजा: इथल्या दोन कंपन्यांचे ग्राहक एकमेकांशी बोलतात तेव्हा पुडके जिल्ह्याबाहेर जाते का? सरकारी सेवांची प्रत कोणत्या शहरातून येते? मुख्य केबल तुटली तर काय काय चालू राहते? हे आकडे कंपन्यांकडे आहेत. परवान्याच्या अटींत एक ओळ घातली तर ते दर तिमाहीला जाहीर होऊ शकतात, आणि मग बीडचा किंवा गडचिरोलीचा लोकप्रतिनिधी सभागृहात नेमका प्रश्न विचारू शकेल. नुसते ‘आमच्याकडे नेट चालत नाही’ म्हटले की उत्तरात टॉवरांची संख्या मिळते.

डॉक्टरांनी आपल्यापुरता प्रयत्न करून पाहिला. दोन्ही इंटरनेट कंपन्यांच्या स्थानिक माणसांना त्यांनी चहाला बोलावले. दोघे एकमेकांना चांगले ओळखत होते. त्यांची कार्यालयेही एकाच व्यापारी संकुलात, एक पहिल्या मजल्यावर, दुसरे तिसऱ्या. मधल्या जिन्यातून एक तार टाकली की काम झाले असते, हे दोघांनाही मान्य होते.

“मग टाका की,” डॉक्टर म्हणाले.

“सर, आमच्या हातात असतं तर आजच टाकली असती,” त्यातला एक म्हणाला. “वरून परवानगी लागते.”

“वरून म्हणजे कुठून?”

“मुंबईहून.”